गळा बंद, पॉप चालू

१७ ऑगस्ट, रविवार

बोलायचं नाही. गायचं नाही. खाकरायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही! डॉक्टर म्हणाले, "फुसफुसाना सबसे ख़राब है मधुकरजी, उससे तो चिल्लाना अच्छा." मग ओरडतो, असं मी म्हणणार होतो. म्हणता येईना.

काल स्वरतंतूवरची गाठ काढली. तांदळाच्या दाण्याएवढी. एवढ्याशा दाण्याने सहा महिने माझा वरचा सूर खाल्ला. नोकरीभर गाडीत "टिकट दिखाइए" ओरडलो आणि सुट्टीच्या दिवशी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या ऑर्केस्ट्रात गायलो — गळ्याने दोन्ही हिशेब एकदम मागितले म्हणायचे.

बायकोने, स्नेहलताने, बाजारातून पाटी आणि खडू आणून दिला. बासष्टाव्या वर्षी पाटी. तिच्यावर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत जागा संपते, आणि समोरचा माणूस तेवढ्यात "समजलं, समजलं" म्हणून निघून जातो. म्हणून ही डायरी. मुलीच्या, जाईच्या ऑफिसात फुकट वाटली होती. हिच्यापुढे तरी पुरं बोलता येईल.

१९ ऑगस्ट

रमाकांत आला होता. मंडळाचा सेक्रेटरी — गेली कित्येक वर्षं तोच, कारण दुसरं कोणी होत नाही. माझ्यासमोर बसला आणि हळू आवाजात बोलायला लागला. अरे, माझा गळा कापलाय, कान नाही!

प्रश्न असा की गणपतीतला पाचवा दिवस, ३१ तारखेचा, आमच्या घराचा. आमच्या मंडळाचा नियम पक्का: ज्या घराचा दिवस, त्याच घरातलं माणूस मंचावर उभं राहणार. भाड्याचा गवई चालत नाही, शेजाऱ्याकडून उसना चालत नाही. आणि मंचावर मराठीच. झाँशीत वर्षभर आम्ही हिंदीत जगतो, ते दहा दिवस तरी नको, असं जुन्यांनी ठरवून ठेवलं आहे. घरातलं कोणी उभं राहिलं नाही तर तो दिवस पुढच्या घराकडे जातो. एकदा गेला की परत मिळत नाही. गेली पंचवीस वर्षं तो दिवस मी गातो. लोक त्याला 'मधुभैयाचा दिवस' म्हणतात, गणपतीचासुद्धा म्हणत नाहीत.

यंदा मी जाहीर केलं होतं: पॉप गाण्याचा इतिहास, गाऊन आणि सांगून. रमाकांतने तेव्हाच नाक मुरडलं होतं. "गणपतीपुढे पॉप?" मी म्हटलं होतं, पॉप म्हणजे काय रे? लोकांचं गाणं. तुझ्या घरी लोक राहत नाहीत का?

आज तो पाटी बघून म्हणाला, "मौनं सर्वार्थसाधनम्! यंदा सोडून द्या मधुभैया. पुढचं घर तयार आहे." पुढचं घर म्हणजे त्याचंच.

मी पाटीवर लिहिलं: नाही. खडू मोडला.

गाता येत नाही तर लिहून देईन. पण वाचणार कोण? जाईकडे पाहिलं. चोवीस वर्षांची मुलगी, इलाइट चौकाजवळ ऑफिसात जाते, चार लोकांत फाडफाड बोलते. म्हणाली, "मैं? मराठी में? ना बाबा ना." तिला मराठी सगळी समजते. बोलत नाही. कशी बोलेल? लहानपणापासून बोलायला तोंड उघडलं की चुका. मी प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारली, तरी ही तऱ्हा.

शेवटी स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी वाचून देते जी. तुम्ही लिहून ठेवा."

स्नेहलता. जी वाणसामानाची यादी आणि लग्नाची पत्रिका एकाच सुरात वाचते. आलिया भोगासी असावे सादर.

२० ऑगस्ट

दिवसभर लिहिलं. मनात होतं ते कागदावर आणताना दमलो. गाऊन दाखवायच्या जागी नुसती वर्णनं — म्हणजे जेवायला बोलावून पदार्थांची नावं वाचून दाखवायची.

लिहिलेलं थोडक्यात: गाणं तीन मिनिटांचं का झालं? कोणा गवयाने ठरवलं म्हणून नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं म्हणून. मग मायक्रोफोन आला. त्याआधी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा गळा लागायचा. माइक आल्यावर कुजबुजणारेही गायक झाले. मग विजेची गिटार आली, चार पोरं मिळून शंभर जणांचा आवाज करू लागली. मग ट्रान्झिस्टर, कॅसेट, ढोलकीवाल्याशिवाय वाजणारं ढोलकीचं यंत्र, मग टीव्हीवरची गाणी — तिथे गळ्याआधी चेहरा बघायला लागले. मग कॉम्प्युटर, बेसूर माणसाला सुरात आणणारा. आणि आता फोन, पंधरा सेकंदांत आवडलं नाही तर अंगठ्याने हाकलून द्यायचं.

सारांश: प्रत्येक यंत्राने गळ्याचं एकेक काम काढून घेतलं. शेवटी गळाच उरला नाही. हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं आहे.

२१ ऑगस्ट

घसा दुखतो. भाजी अळणी होती. सांगता आलं नाही.

२२ ऑगस्ट

व्हायचं ते झालं.

सकाळी जाई नाश्त्याला बसून फोनवर गाणी लावत होती. एक सुरू झालं — गिटार, मग मुलीचा आवाज, मग चाल वर चढायला लागली, आता ध्रुवपद येणार — कट! दुसरं. तेही ध्रुवपदाच्या उंबऱ्यावर — कट. तिसरं. चमच्याने वाटी वाजवली. घरात मला कोणाला बोलवायचं असेल तर आता तीच पद्धत आहे. तिने वर पाहिलंच नाही. चौथं गाणं कापलं आणि मी ओरडलो. "अगं पुरं होऊ दे की!"

आवाज आला तो माझा नव्हता. दार करकरावं तसा. घशातून कळ गेली. जाई घाबरून उभी राहिली. स्नेहलता पीठ लागलेल्या हातांनी धावत आली आणि मला काही न बोलता तिने जाईला जवळ घेतलं. जाईला! दुखलं कोणाला आणि जवळ घेतलं कोणाला?

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

२५ ऑगस्ट

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. मग म्हणाले, सूज वाढली आहे, चार सप्टेंबरपर्यंत पूर्ण मौन. "एक बार और चिल्लाए तो निशान पड़ जाएगा. फिर बोल लेंगे, गा नहीं पाएँगे."

परत येताना छावणीच्या रस्त्याने आलो. तो रस्ता मला आवडतो, झाडं आहेत, हॉर्न नाहीत. एरवी स्कूटरवर तिथे मी मोठ्याने गातो. आज हेल्मेटच्या आत तोंड मिटून चाललो होतो आणि पहिल्यांदा भीती वाटली. खरी भीती. गाणं गेलं तर मी कोण? निवृत्त टी.टी. झाँशीत शेकड्याने आहेत.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. आरतीला नुसत्या टाळ्या वाजवल्या. शेजारचा मुलगा माझ्या जागी वरचा सूर लावू पाहत होता. लागला नाही. बरं वाटलं. देवासमोर असं वाटायला नको होतं, पण वाटलं.

२९ ऑगस्ट

तालीम. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

स्नेहलता खुर्चीत बसून वाचते: "विजेची गिटार आली. चार पोरं मिळून शंभर जणांचा आवाज करू लागली." जसं काही आज दूध दोन लिटर घेतलं. मी हाताने दाखवतो — वर! वर ने आवाज! ती म्हणते, "माशी आहे का?" पाटीवर लिहिलं: जोर दे. ती म्हणाली, "कुठे जोर देऊ जी? इथे तर सगळं मशिनींचंच आहे."

मग कागद खाली ठेवून विचारते, "यात गाणं ऐकणारे कुठे आहेत?"

मी लिहिलं: ऐकणारे समोर खुर्च्यांवर बसतात.

तिने ते वाचलं, पाटी पुसून माझ्या हातात दिली आणि कणीक मळायला गेली. तिच्या माहेरी, जुन्या झाँशीवाल्यांत, स्वयंपाकघराला अजून मुदपाक म्हणतात. लग्न झालं तेव्हा मी फार हसलो होतो. आमचं घराणं भुसावळचं, रेल्वेबरोबर आलेलं, आमची मराठी शुद्ध. त्या दिवसापासून ती माझ्यासमोर तो शब्द वापरत नाही. आज जाईला म्हणाली, "जा, मुदपाकातून तूप आण." मी ऐकलं. टोकणार कसा?

१ सप्टेंबर, सकाळी

काल जे झालं ते लिहायचं तर हात आवरत नाही, इतका राग आहे. तरी क्रमाने लिहितो.

हॉल भरला होता. रमाकांतने ओळख करून देताना "मधुभैया यंदा मौनव्रतात आहेत" असं सांगून हशा घेतला. मी पहिल्या रांगेत, गणपतीच्या अगदी बाजूला. स्नेहलता मंचावर. गर्द हिरवी साडी, हातात माझे कागद. पहिलं पान तिने बरं वाचलं. तबकडी आली, तीन मिनिटं आली. मी मान हलवत होतो.

माइकच्या पानापाशी आली आणि थांबली. कागदाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. मग म्हणाली —

"हे यांनी लिहिलंय ते बरोबरच आहे. पण मी तबकडी कशी ऐकली ते सांगून देऊ का?"

आणि कागद खाली केले! खाली!

सांगायला लागली. गुरसरायला तिच्या मामांकडे ग्रामोफोन होता, तो बाहेरच्या बैठकीत. बाहेर पुरुष. बायका आत, दाराआड. तबकडीचा वरचा आवाज तेवढा आत यायचा, बाकी गाणं मुलींनी आपल्या मनाने भरायचं. मग रेडिओ आला, तो अंगणात. आता सगळ्यांनी ऐकायचं, पण लावायचं काय ते वडील ठरवणार. मग ट्रान्झिस्टर आला. तो उचलून गच्चीवर नेता यायचा. "तेव्हा पहिल्यांदा मी एकटीने गाणं ऐकलं. मला वाटलं, हा माणूस माझ्याच कानात गातोय. असा हळू की बाकी कोणाला ऐकू जाऊ नये. यांना तसे गाणारे आवडत नाहीत. मला फार आवडायचे जी."

पुढच्या रांगेतल्या बायका पदराआड हसल्या. मी खुर्चीतून पुढे सरकलो. बोटाने कागद दाखवले. तिने बघून न बघितल्यासारखं केलं.

मग कॅसेट. इलाइटवरच्या एका दुकानात यादी दिली की कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून मिळायची. विलायती गाण्यांची यादी मुलीने द्यायची सोय नव्हती. म्हणून भावाच्या हातून, भावाच्या अक्षरात. "दुकानदार भावाला म्हणायचा, भैया, बड़ा शौक़ है आपको. भाऊ बिचारा भजनंच ऐकायचा."

हॉल खदखदून हसला. आणि माझं विजेच्या गिटारीचं पान तसंच पडून! ढोलकीचं यंत्र नाही, टीव्ही नाही, गळ्याचं अधोरेखित वाक्य तर दूरच. वीस मिनिटं घरातली ऐकीव गोष्ट चालली होती आणि कार्यक्रमाचं नाव होतं इतिहास. मला वाटी-चमचा पाहिजे होता. नव्हता. बाजूला चौरंगावर घंटा होती. ती मी उचलली आणि वाजवली.

सगळा हॉल उभा राहिला.

आरती सुरू झाली असं समजून! पुरुषांनी टोप्या चाचपल्या, बायकांनी पदर घेतले, मागून कोणी झांजसुद्धा वाजवली. रमाकांत कापूर शोधायला धावला. मी घंटा घेऊन मध्ये उभा. हातवारे करतो, नाही, नाही, बसा — लोकांना वाटलं मला भरून आलंय.

स्नेहलता माइकवर म्हणाली, "बसा, बसा सगळे. आरती नाही. यांना वाटतंय मी भरकटले." मग माझ्याकडे बघून, "झालंच जी. एकच राहिलंय."

आणि गायली.

कॉलेजात त्या चौघी मैत्रिणी होत्या. विलायती चालींवर मराठी शब्द बसवून गायच्या. घरच्यांना वाटावं, पोरी घरातलंच काही जुनं म्हणतायत. हिंदी शेजाऱ्यांना तर काहीच कळू नये. मराठी ही त्यांची चोरवाट होती. चाल मी ओळखली. ऑर्केस्ट्रात आम्ही तीच चाल बाराशे वॅटवर वाजवायचो. शब्द त्यांचे —

गाडी आली, गाडी गेली,
फलाटावर मीच राहिली...

'राहिले' पाहिजे. पण सूर! सूर असा सरळ लागला, मधाच्या तारेसारखा. आवाज लहान. माइकला जवळ धरून, अजिबात जोर न लावता. दुसऱ्या वेळी ध्रुवपद आलं तेव्हा मागच्या रांगेतून बायका म्हणायला लागल्या, तिसऱ्या वेळी अख्खा हॉल. कोणाला शिकवावं लागलं नाही. जाई तर उभी राहून म्हणत होती. जाई, मराठीत!

मी घंटा मांडीवर घेऊन बसलो होतो. पस्तीस वर्षं ही बाई माझ्या घरात आहे. मी हिला गाताना कधी ऐकलेलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. माझ्या दिवशी, माझ्या मंचावर, माझा आवाज बंद असताना!

२ सप्टेंबर

कानामागून आली आणि तिखट झाली. सकाळपासून फोन, सगळे तिला. रमाकांत दारात उभा राहून, "वहिनी, पुढच्या वर्षीही तुम्हीच." मी पेपर वाचत होतो. त्याने मला नमस्कारही केला नाही — करून उपयोग काय, मी उत्तर थोडंच देणार, असं वाटलं असेल.

दुपारी पाटीवर लिहिलं: गातेस हे कधी बोलली नाहीस?

तिने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, "घरात तुमचा रेडिओ चालू असायचा. दोन रेडिओ एकदम कोण लावतं?"

टोमणा नव्हता त्यात. त्याचाच जास्त त्रास झाला. टोमणा असता तर भांडता आलं असतं, निदान खडूने.

३ सप्टेंबर

आज दोघी बाल्कनीत गवार मोडत होत्या. मी आत पलंगावर. त्यांना वाटलं झोपलोय.

स्नेहलता गुणगुणत होती. मध्येच जाई म्हणाली, "आई, हा गाणा तू मला शिकव. मी याला... काय म्हणतात... याच्या खाली बीट लावणार. फोनमध्ये."

हे गाणं. हा नाही. मी उठून बसलो. चाळीस वेळा सुधारलेली चूक. स्नेहलताने सुधारली नाही. म्हणाली, "लाव की. पण पुरं लाव, अर्धं कापून नको." जाई हसली. मग बोलत सुटली — मोडकीतोडकी, अर्धी हिंदी, लिंगांचा सत्यानाश, पण मराठी. ऑफिसातल्या साहेबाविषयी, एका मैत्रिणीविषयी, पुण्याला जाऊन आवाजाचं मिक्सिंग का काय ते शिकावं असं किती दिवसांपासून मनात आहे त्याविषयी. "बाबांना सांगू कसा? ते पहिले माझी मराठीच चेक करतात."

मी पुन्हा आडवा झालो. मुलीच्या तोंडून सलग इतकी मराठी मी याआधी ऐकली नव्हती. मिक्सिंग मला पटत नाही. पुणे लांब आहे. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. गळ्याशी आलं आणि तिथेच राहिलं.

मग दोघी गायल्या. जाईचा सूर जरा खाली लागतो. दुसऱ्या ओळीला आपोआप सावरला.

४ सप्टेंबर

एकटाच गेलो होतो. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, मग 'सा' लावायला सांगितलं. लागला. वरचाही लागला, स्वच्छ, सहा महिन्यांपूर्वीपेक्षा बरा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "बधाई हो. आज से बोलिए, धीरे-धीरे गाइए भी."

घरी आलो. दोघी दारात. जाईने विचारलं, "बाबा, डॉक्टर काय बोलला?"

पाटी घेतली. लिहिलं: अजून पंधरा दिवस.